सस्पेन्स खात्यातील दुखणे

गेल्या महिन्यात या सदरात बँक खात्यांच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. तो अंक वाचून पोलादपूरचे एक जुने खातेदार महाडच्या बाजारपेठेत मला मुद्दाम भेटले. नामनिर्देशनाविषयीचे चार प्रश्न विचारून झाले, मी उत्तरे दिली, आणि निरोप घेताना ते घुटमळले. "साहेब, पैशाचं विचारलं. आता एक अंगाचं विचारू का?" त्यांच्या पोटात डाव्या बाजूला आठ महिन्यांपासून काहीतरी फडफडते. तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झाले. सर्वांचे म्हणणे एकच, की सारे नॉर्मल आहे. "नॉर्मल आहे, तर मग फडफडतं काय?" असे म्हणताना त्यांचे डोळे पाणावले होते.

या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य गेले बँकेत. परंतु हाच प्रश्न मीही सुमारे दोन वर्षे उराशी बाळगून होतो, ही गोष्ट मी आजवर या सदरात लिहिली नाही. लिहिण्याचा संकोच वाटे. त्या गृहस्थांच्या डोळ्यांतील पाणी पाहून तो संकोच बाजूला ठेवावा असे ठरवले.

२०२२च्या जुलैमधील एका पावसाळी रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती छातीतील धडधडीने. हात गार पडले होते, कपाळावर घाम होता, डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्याच रात्री रुग्णालयात गेलो. कार्डिओग्राम चांगला निघाला. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार झाला. मग टू-डी इको, पट्ट्यावर चालण्याची चाचणी, थायरॉइड, एंडोस्कोपी, मानेचा एमआरआय असे एकेक होत गेले. महाड झाले, पुणे झाले, मुंबई झाली. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय चांगले असल्याचे सांगून पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवले, त्यांनी मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवले. प्रत्येक अहवालाच्या तळाशी मात्र एक वाक्य असेच, की रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून निष्कर्ष काढावा. लक्षणे माझ्याजवळ होती आणि अहवालही माझ्याजवळ होते. पडताळणारे कोणी नव्हते.

अहवाल चांगला आला की मला आनंद होई. तो आनंद तीन-चार दिवस टिके. मग मनात येई, यंत्र जुने असेल तर? नेमके त्या वेळी दुखणे लपून बसले असेल तर? आणि मी पुढची तपासणी शोधू लागे. कर्ज खात्यांच्या छाननीत आम्ही एक लबाडी नेहमी पाहत असू. जुन्या कर्जाचा हप्ता भरण्यासाठी कर्जदार नवे कर्ज काढतो. खाते वरून नियमित दिसते आणि आतून देणे वाढत जाते. मी शंकेच्या बाबतीत नेमके तेच करीत होतो. सामायिकाची ४८ मिनिटे मी पूर्वी स्थिर बसत असे. आता उजव्या हाताची बोटे नकळत डाव्या मनगटावर जात. माळेचे मणी मोजण्याऐवजी मी नाडीचे ठोके मोजत होतो. रात्री उशीखाली मोबाइल असे, आणि मोबाइलवर एखादे लक्षण लिहिले की उत्तरांच्या यादीत एखादा तरी जीवघेणा आजार निघेच. जो आजार वाचला, त्याची लक्षणे सकाळपर्यंत अंगात उमटत.

येथे थोडे संख्याशास्त्र सांगणे भाग आहे. रक्ताच्या बहुतेक चाचण्यांच्या अहवालात उजवीकडे जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती कशी ठरते? निरोगी माणसांचा मोठा समूह घेऊन त्यातील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा सामान्य धरतात. साखर किंवा कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा धोक्याच्या हिशेबाने वेगळ्या ठरवल्या आहेत. परंतु इतर अनेक आकड्यांची रीत हीच. याचा अर्थ, पूर्ण निरोगी अशा दर २० माणसांतील एकाचा आकडा केवळ योगायोगाने पट्ट्याबाहेर जाणार. आता एकाच निरोगी माणसाच्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अशा २० चाचण्या केल्या, तर त्यांतील किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. एम.कॉम.ला मी हे गणित शिकलो होतो. स्वतःच्या अहवालावर ठळक अक्षरे दिसली तेव्हा मात्र त्याचा विसर पडला.

छायाचित्रांचेही तसेच आहे. पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांतील चकत्यांची झीज विशीतील ३७ टक्के लोकांत, तर ऐंशीतील ९६ टक्के लोकांत आढळली. म्हणजे ज्याला काहीही होत नाही अशा माणसाच्या एमआरआयमध्येही 'झीज' हा शब्द येणारच. माझ्या अहवालात तो आला आणि मी तीन महिने मानेला पट्टा बांधून हिंडलो. त्यातच प्रत्येक तपासणी रुग्णाच्याच हितासाठी सुचवली जाते असेही नाही. २०१३ साली आपल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना, एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. ती बातमी तेव्हा देशभर गाजली.

या दोन वर्षांत माझे जे खरे नुकसान झाले, ते तपासण्यांच्या खर्चाचे नव्हे. सौ. मला अधूनमधून म्हणे, "अहो, ही ओळ जरा वाचून दाखवता का?" कधी स्तोत्राची ओळ, कधी औषधाच्या पुड्यावरची तारीख, कधी दुधाच्या हिशेबाची वही. मी मान वर न करता वाचून दाखवी आणि पुन्हा माझ्या फाइलीत डोके घाली. पुण्याची मुलगी दिवाळीला आली. दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, "बाबा, आईला उजव्या डोळ्यानं जवळपास दिसतच नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हते. सौ.ला विचारले, इतके दिवस सांगितले का नाही? ती म्हणाली, "तुमच्याच तपासण्या चालल्या होत्या. त्यात माझं आणखी कुठे काढू?"

मोतीबिंदू होता, शस्त्रक्रियेने बरा होणारा. परंतु ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आमच्या घरात आजारी पडण्याची जागा एकच होती आणि ती मी अडवून बसलो होतो. आजाराची भीती बाळगणारा माणूस स्वतःलाच त्रास देतो, असा आपला समज असतो. तो पूर्ण खरा नाही. त्या भीतीचे व्याज घरातील इतर माणसे भरीत असतात, आणि तेही न बोलता.

सौ.ची शस्त्रक्रिया झाल्यावर मी सारी फाइल घेऊन आमच्या महाडच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठ्या शहरांच्या फेऱ्यांत त्यांना मी जवळजवळ विसरलो होतो. त्यांनी दवाखाना संपल्यावर वेळ दिला आणि ४१ कागद एकेक करून वाचले. मग म्हणाले, "साहेब, तुमची धडधड खरी आहे. तुम्ही नाटक करत नाही, तुम्हाला वेडही लागलेलं नाही. धोक्याचं जे शोधायला हवं होतं, ते शोधून झालं आहे. ते सापडलेलं नाही. ही धडधड नेमकी कशामुळे, ते मला आज ठामपणे सांगता येत नाही. पण अंदाज आहे. पहिल्यांदा झालं तेव्हा पाऊस होता ना?"

पाऊस होता. २२ जुलै २०२१च्या महापुराला तेव्हा नुकतेच वर्ष झाले होते. सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले, वीज गेली, फोन बंद पडले, ती रात्र आम्ही दोघांनी वरच्या मजल्यावर जिन्याच्या पायऱ्या मोजत काढली. एक पायरी बुडाली की दुसरीवर दिव्याचा उजेड टाकून पाहायचे. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही तोच घाला पडला. आमच्या घरी चिखलाखेरीज काही हानी झाली नाही, म्हणून आपण सुटलो असे मी समजत होतो. डॉक्टर म्हणाले, "मन सुटलं असेल. शरीर अजून पायऱ्या मोजत असेल."

मग त्यांनी शरीरातील यंत्रणा समजावून सांगितली, आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते आपल्याच मातीतले. ते येथे सविस्तर सांगतो.

महाड-पोलादपूर भागातील माझ्या पिढीला लाल विंचवाची दहशत सांगायला नको. भाताचा पेंढा, जांभ्या दगडांचे बांध, कौलांच्या फटी, कोठेही तो असे. दंश झालेला माणूस सुरुवातीला शुद्धीवर असे, बोलत असे, आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी होऊन धापा टाकीत जाई. अशा रुग्णाचे काय करावे, याचे खात्रीचे उत्तर त्या काळी उपलब्ध नव्हते. डॉ. बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून घाम, उलट्या, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी ठेवल्या. कोणती आरंभीची लक्षणे हृदयावरील संकटाची सूचना देतात, हा त्यांचा निबंध १९८२ साली इंग्लंडच्या 'द लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे १९८६ साली, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह, प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी त्याच नियतकालिकात मांडला. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण जाणतोच.

विंचवाच्या विषाने नेमके काय होते? शरीरातील अॅड्रेनालिन आणि त्याच्या जातीची रसायने एकदम प्रचंड प्रमाणात रक्तात सुटतात. त्यामुळे घाम, गार हातपाय, धडधड, चढलेला रक्तदाब. आमचे डॉक्टर म्हणाले, "साहेब, तुमच्या रात्रीच्या लक्षणांची यादी वाचा. घाम, गार हात, धडधड. तीच रसायनं आहेत. विंचवानं सुटतात तो महापूर. भीतीनं सुटतात तो पावसाळ्यातला पऱ्या. पऱ्या खळखळाट फार करतो, पण गाव बुडवत नाही." बोटांच्या मुंग्यांचेही कारण त्यांनी सांगितले. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि ओठांना व बोटांना मुंग्या येतात, डोके हलके वाटते. मी त्यांच्या समोरच दोन मिनिटे जलद श्वास घेऊन पाहिला. मुंग्या आल्या. हृदयाच्या झटक्याचे चिन्ह समजून ज्या मुंग्यांना मी दोन वर्षे भीत होतो, त्या मी माझ्या हाताने आणून दाखवल्या.

यावरून सारे दुखणे भीतीचेच असते असा अर्थ कोणी काढू नये. तो काढला की दुसरी चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते. पोलादपूरच्या माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीला वर्षभर थकवा होता. अंग जड, केस गळणे, थंडी सोसत नसे, कशातच उत्साह नसे. एका डॉक्टरांनी एका भेटीत सांगितले, मनाचे आहे, मन रमवा. घरच्यांनी तेच वाक्य उचलले. जाऊबाई म्हणत, काम नको म्हणून दुखते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताची एक साधी तपासणी केली आणि थायरॉइडची उणीव निघाली. रोज एक गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या. आजाराने त्यांना जेवढे दुखवले नसेल, तेवढे आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही याने दुखवले.

मग करावे काय? शोधत राहावे तरी चूक, सोडून द्यावे तरी चूक. या पेचातून मला वाट दाखवली ती बँकेतील एका जुन्या रात्रीने.

१९८६ साली मी पोलादपूरच्या शाखेत होतो. तेव्हा संगणक नव्हते. खतावणीच्या बेरजा हाताने जुळवायच्या. एके संध्याकाळी बचत खात्यांच्या जुळवणीत २७ रुपयांचा फरक आला. आठ वाजले, नऊ वाजले, वीज गेली, कंदील लावून मी पाने उलटत राहिलो. जितके शोधावे तितके नवे संशय. बरोबर असलेल्या बेरजाही चुकीच्या वाटू लागल्या. आमचे वयस्क हेडक्लार्क शेवटी म्हणाले, "साहेब, फरक सस्पेन्सला टाका आणि घरी चला. रात्री आकडे भुतासारखे दिसतात." मी नाइलाजाने तसे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "सत्तावीसला नवानं भाग जातो. कुठंतरी आकडे उलटे पडले असणार." आणि खरेच, एका ठिकाणी ६३ऐवजी ३६ लिहिले गेले होते. पाच मिनिटांत सापडले.

ज्यांचा बँकेशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. ज्या रकमेचा अर्थ आज लागत नाही, ती तात्पुरती ज्या खात्यात नोंदवतात, ते सस्पेन्स खाते. त्याचे नियम कडक असतात. नोंद पूर्ण तपशिलासह आणि तारखेसह हवी. तिच्यासाठी कोणी एक अधिकारी जबाबदार हवा. ठराविक काळाने तिचा आढावा झालाच पाहिजे. तपासनीस आला की सर्वप्रथम तेच खाते उघडतो. शोध न घेता नोंद बुडीत म्हणून काढून टाकता येत नाही. पण त्याचबरोबर, एका नोंदीचा उलगडा झाला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी शाखेचे दार बंद ठेवता येत नाही. गिऱ्हाईक दारात उभे असते. सस्पेन्स खाते म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि उत्तरही नव्हे. 'अद्याप समजलेले नाही' ही गोष्ट प्रामाणिकपणे आणि शिस्तीने सांभाळण्याची ती रीत आहे.

थायरॉइडच्या त्या भगिनींची नोंद शोध न घेता बुडीत टाकली गेली. माझ्या बाबतीत एका नोंदीपायी मी सारी शाखाच बंद ठेवली. डॉक्टरांशी बोलून मी माझ्या दुखण्याचे सस्पेन्स खाते उघडले. त्याची रीत सांगतो. ज्याला उपयोगी वाटेल त्याने घ्यावी.

पहिली गोष्ट, डॉक्टर एकच. तज्ज्ञ लागले तर तेच पाठवतील, आणि अहवाल त्यांच्याकडेच परत येईल. सारे कागद एकत्र पाहणारा एक माणूस हवा. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या अवयवापुरते खरेच बोलतो. पूर्ण हत्ती कोणीतरी पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट, वही. धडधड झाली की तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय चालले होते, एवढेच लिहायचे. अर्थ लावायचा नाही. वही उघडून तिच्यावर विचार करायचा तो रविवारी सकाळी अर्धा तास. मधल्या दिवसांत मी पुन्हा तेच बोलू लागलो तर सौ. म्हणे, "रविवारी बोलू." तिने मला झिडकारले नाही आणि 'काही होत नाही हो' असे दिवसातून दहादा सांगितलेही नाही. घरच्यांनी लक्षात ठेवावे असे हे आहे. सारखा दिलेला धीरसुद्धा व्यसनासारखा होतो. मागणी वाढतच जाते.

तिसरी गोष्ट, आढाव्याची तारीख. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना वही दाखवायची. मधे नवी तपासणी नाही, मोबाइलवर शोध नाही. तपासणी सुचवली गेलीच तर एक प्रश्न विचारायचा, की हिच्या निकालाने उपचारात काय फरक पडेल? काहीच पडणार नसेल तर ती करून काय मिळवायचे?

चौथी गोष्ट, या खात्यात कधीही टाकायची नाहीत अशी लक्षणे. छातीवर दडपण आल्यासारखे दुखून ते हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे आणि सोबत घाम वा दम लागणे, तोंड एकाएकी वाकडे होणे, एका हातातील किंवा पायातील बळ जाणे, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे. यांत रविवारची वाट पाहायची नाही, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. कारण नसताना वजन उतरत जाणे, शौचातून किंवा खोकल्यातून रक्त जाणे, न हटणारा ताप, नवी गाठ, हेही लांबणीवर टाकायचे नाही, त्याच आठवड्यात दाखवायचे. अगोदर दहा वेळा भीती खोटी ठरली, म्हणून अकराव्या वेळी नव्या प्रकारच्या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये.

पाचवी गोष्ट लिहिताना माझ्याच वयाच्या वाचकांची मुद्रा मला दिसते. भीती आटोक्यात येत नसेल तर मानसोपचार घ्यावेत. यात कमीपणा नाही. ज्या 'लॅन्सेट'मध्ये बिरवाडीचा विंचू पोहोचला, त्याच 'लॅन्सेट'मध्ये २०१४ साली इंग्लंडमधील पाच रुग्णालयांतील ४४४ रुग्णांचा अभ्यास आला होता. हे रुग्ण हृदय, पोट, श्वसन, मज्जासंस्था अशा विभागांत येणारे, आणि आजाराच्या चिंतेने ग्रासलेले होते. विचार आणि सवयी बदलण्याच्या मार्गदर्शनाच्या काही बैठकींनी त्यांची चिंता नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक कमी झाली आणि दोन वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. मीही अशा सहा बैठकींना गेलो. आपल्याकडे भारत सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते.

कोणी म्हणेल, नोंदीचा उलगडा कधीच झाला नाही तर? तसेही होते. जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारे चार्ल्स डार्विन १८३१ साली जहाजावर चढण्यापूर्वी छातीतील धडधड आणि वेदना यांनी बेचैन होते. आपल्याला हृदयविकार आहे अशी त्यांची खात्री झाली होती. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई करू नये म्हणून त्यांनी कोणालाच दाखवले नाही. त्यांचे एवढे मात्र अनुकरण करू नये. पुढे आयुष्यभर उलट्या, थकवा, धडधड यांनी त्यांना गाठले. १८४९ ते १८५५ या काळात त्यांनी प्रकृतीची रोजची नोंदवही ठेवली. नेमका आजार कोणता, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. आणि याच प्रकृतीच्या माणसाने १८५९ साली आपला महान ग्रंथ प्रसिद्ध केला व तो ७३ वर्षे जगला. त्यांच्या सस्पेन्स खात्यातील नोंद शिल्लक राहिली, पण शाखा रोज उघडत होती.

मला आज काही होत नाही, असे मी म्हणणार नाही. जोराच्या पावसात एखाद्या रात्री अजूनही जाग येते. छाती धडधडते. मी उठून बसतो, श्वास संथ सोडतो, घड्याळ पाहून वहीत एक ओळ लिहितो. कारण अजून सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांचा तो अंदाज आहे आणि मीही त्याला अंदाजच म्हणतो. 'ठाऊक नाही' आणि 'धोका आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, एवढे मात्र मला आता समजते. दोन वर्षे मी त्यांना एकच समजत होतो.

पोलादपूरच्या त्या गृहस्थांना बाजारात उभ्या उभ्या मी एवढेच सांगितले, की तुमचे फडफडणे खरे आहे. एका डॉक्टरांना धरा, एक वही करा आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवा. मग विचारले, घरी सगळे कसे आहेत? ते क्षणभर थांबले. म्हणाले, "आहेत बरे. म्हणजे, विचारलं नाही बरेच दिवसांत." मी म्हणालो, आज विचारा.

गेल्या रविवारी मी वही उघडली, तर आठवड्यात एकही ओळ नव्हती. मागच्या कोऱ्या पानांवर मात्र बारीक, वळणदार अक्षरांत आकडे दिसले. सौ.ने ती वही दुधाच्या हिशेबाला घेतली आहे, आणि आता तो ती स्वतःच वाचते.